झाकलेला आजार आणि माझी रोजची गोळी

जानेवारी २०१४. ईद-ए-मिलादनिमित्त वणीत आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी रक्तदान शिबिर घेतलं होतं. पुण्यात नोकरीला लागून मला दोनेक वर्षं झाली होती आणि मी सुट्टीवर घरी आलो होतो. रक्त दिलं, चहा-बिस्किट घेतलं, प्रमाणपत्र हातात धरून फोटो काढला. दहा दिवसांनी रक्तपेढीतून फोन आला. ‘‘तुमचं रक्त वापरता येणार नाही. एकदा येऊन भेटा.’’

कागदावर लिहिलं होतं : एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हेपॅटायटिस बी. काही लोक याला पांढरी कावीळ म्हणतात. मी चोवीस वर्षांचा, रोज जिमला जाणारा, कधी साधी कावीळही न झालेला. अब्बूंनी कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि कपाटात खालच्या कप्प्यात ठेवला. म्हणाले, ‘‘कोणाला सांगायचं नाही. आपाचं लग्न व्हायचंय.’’ त्या रात्रीपासून अम्मीने माझा पाण्याचा ग्लास वेगळा केला.

ती घडी उलगडायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांत काय चुकलं आणि नंतर पुन्हा काय चुकलं, हे सांगण्यासाठी हा लेख. वाचणाऱ्यांपैकी काहींच्या घरी असाच एखादा कागद कपाटात पडलेला असणार, याची मला खात्री आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना हेपॅटायटिस बीचा दीर्घकालीन संसर्ग आहे. त्यातल्या बहुतेकांना तो असल्याचं माहीतच नाही.

आधी थोडं आजाराबद्दल. हा विषाणू रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एकाच थाळीत जेवल्याने, गळाभेट घेतल्याने, एका हौदावर वजू केल्याने जात नाही. माझा ग्लास वेगळा करायची काहीच गरज नव्हती. माझं ब्लेड आणि टूथब्रश मात्र वेगळं हवं होतं. त्याबद्दल कोणी बोललं नाही. मोठेपणी संसर्ग झाला तर शंभरातले पंचाण्णव जण स्वतःच बरे होतात. जन्मताना किंवा पहिल्या वर्षात झाला तर मात्र दहापैकी नऊ मुलांत तो कायमचा राहतो. पुढे वीस-तीस वर्षं काहीही जाणवत नाही, कारण लिव्हर आतून खराब होत असताना दुखत नाही. जाणवतं तेव्हा अनेकदा सिरोसिस किंवा कॅन्सर झालेला असतो.

पुण्यात परतल्यावर मी गुपचूप एका लिव्हरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी तपासण्या केल्या. विषाणूचं रक्तातलं प्रमाण, म्हणजे एचबीव्ही डीएनए, सहा हजारांच्या आसपास आलं. एसजीपीटी, ज्याला एएलटीही म्हणतात, ४१. लॅबच्या कागदावर हा आकडा ‘नॉर्मल’ मध्येच होता. मग डॉक्टरांनी विचारलं, ‘‘घरात कोणाला लिव्हरचा आजार? पोटात पाणी होणं? लिव्हरचा कॅन्सर?’’

मी म्हणालो, ‘‘नाही.’’

हे खोटं होतं. मी सातवीत असताना माझे मामू गेले. वय बेचाळीस. पोट फुगलं होतं, पाय सुजले होते, शेवटी रक्ताची उलटी झाली. घरच्यांनी काविळीची माळ घातली, दुआ-तावीज केले, कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुऊन कावीळ ‘उतरवली’. मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मयतीला आलेल्या लोकांत कुजबुज होती की हा लपून पीत असणार. मामूंनी दारूला कधी हात लावला नव्हता. पण ‘लिव्हर खराब’ म्हटलं की आपल्याकडे लोकांना एकच कारण सुचतं. म्हणून घरात मामूंच्या आजाराचं नावच निघायचं नाही. कोणी विचारलं तर ‘तब्येत बिघडली होती’ एवढंच.

डॉक्टरांसमोर बसून मी तेच घराणं पुढे चालवलं. त्यांनी माझ्या उत्तरावर विश्वास ठेवला आणि सांगितलं की सध्या औषध नको, दर सहा महिन्यांनी तपासणी करू. त्यांच्याकडे जी माहिती होती, तिच्या आधारे हा निर्णय बरोबर होता. माहिती चुकीची होती आणि ती मी दिली होती.

हेपॅटायटिस बीच्या उपचारातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच आहे. टायफॉईड झाला की औषध सुरू, तसं इथे नाही. औषध कधी सुरू करायचं हे पाच-सहा गोष्टी एकत्र पाहून ठरतं : विषाणूचं प्रमाण, एएलटी, लिव्हर किती कडक झालंय, वय, इतर आजार आणि घरातला इतिहास. शेवटची गोष्ट कोणत्याही मशीनमध्ये दिसत नाही. ती फक्त आपण सांगू शकतो. घरात कोणाला सिरोसिस किंवा लिव्हरचा कॅन्सर झाला असेल, तर बाकीचे आकडे काठावर असले तरी डॉक्टर औषध सुरू करण्याकडे झुकतात.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. सवयीने सगळे रिपोर्ट एका एक्सेल शीटमध्ये भरत गेलो. तारीख, डीएनए, एएलटी, एएसटी, प्लेटलेट. २०१८ पर्यंत त्या शीटमध्ये आठ ओळी झाल्या. एएलटीचा आकडा हळूहळू ४१ वरून ५२ वर गेला होता, तरी लॅबच्या हिशोबाने तो ‘नॉर्मल’च होता. त्या वर्षी पहिल्यांदा फायब्रोस्कॅन केला. आकडा आला ८.४ किलोपास्कल. डॉक्टर म्हणाले, ‘‘हा काठावर आहे. तुम्हाला खात्रीने घरात कोणाला काही नव्हतं?’’

त्या संध्याकाळी मी वणीला फोन लावला. अम्मी बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘‘तुझ्या मामूंना डॉक्टरांनी लिव्हर सुकलंय असं सांगितलं होतं. तुझे नाना पण तसेच गेले होते का, ते नक्की नाही. पण मामूंचा कागद मी पाहिला होता.’’

पुढच्याच आठवड्यात अम्मीची तपासणी केली. तीही पॉझिटिव्ह. आपा निगेटिव्ह निघाली आणि तिला लस दिली. मामूंना नक्की हेपॅटायटिस बीच होता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, कारण तेव्हा ती चाचणी झालीच नव्हती. पण अम्मी, तिचा भाऊ आणि मी, या तिघांना एका ओळीत ठेवलं की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं. माझी गोळी सुरू झाली. रोज एक टेनोफोव्हिर.

आता दुसऱ्या चुकीकडे येतो. ही पूर्णपणे माझी आहे.

या गोळीने विषाणू मरत नाही, त्याची वाढ थांबते. लिव्हरच्या पेशींच्या केंद्रकात त्याचा मूळ नमुना तसाच बसलेला असतो. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रोसेस बंद होते, पण फाईल डिलीट होत नाही. गोळी थांबवली की प्रोसेस पुन्हा सुरू. हे मला माहीत होतं. वर्षभरात रिपोर्टवर ‘टार्गेट नॉट डिटेक्टेड’ आलं. दुसऱ्या वेळीही तेच. मन म्हणायला लागलं की झालं, संपलं.

त्यात २०२० चा लॉकडाऊन आला आणि मी वणीला घरून काम करायला लागलो. माझ्यासाठी स्थळं बघणं सुरू झालं होतं. पाहुणे यायचे तेव्हा अब्बू म्हणायचे, ‘‘ती डबी आत ठेव.’’ डबी आत जायची, कधी दोन दिवस, कधी चार दिवस. ओळखीतल्या एकाने सांगितलं की त्याच्या साडूला हेपॅटायटिस होता, तीन महिने गोळ्या खाल्ल्या आणि पूर्ण बरा झाला. मला ते ऐकायचंच होतं. त्याच्या साडूला हेपॅटायटिस सी होता, हे मी विचारलंच नाही. सी वर आता बारा आठवड्यांच्या गोळ्या आहेत आणि शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण बरे होतात. बी चं तसं नाही. नावात एका अक्षराचा फरक, उपचारात जमीन-अस्मानाचा. ऑगस्टमध्ये मी गोळी बंद केली आणि कोणालाही सांगितलं नाही. त्याऐवजी घरात सगळे पीत होते तो गुळवेलीचा काढा रोज सकाळी पीत होतो.

जानेवारी २०२१ मध्ये डोळे पिवळे झाले. एएलटी ९८०. नागपूरला नेलं, नऊ दिवस दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी अब्बूंना बाजूला घेऊन सांगितलं की अशा वेळी काही रुग्णांचं लिव्हर पूर्ण बंद पडतं. गोळी पुन्हा सुरू झाली आणि मी वाचलो. अचानक गोळी बंद केल्यामुळे विषाणू उसळला, हे मुख्य कारण. काढ्याने त्यात किती भर घातली हे कोणी सांगू शकलं नाही. त्याच वर्षी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला. तो वाद तज्ज्ञांचा आहे. माझ्यापुरता धडा असा की ज्याचं लिव्हर आधीच आजारी आहे, त्याने कोणताही काढा, चूर्ण किंवा हकिमाची पुडी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नये. ‘नैसर्गिक आहे, काय होणार’ हे उत्तर मी नऊ दिवस सलाईन लावून ऐकलं आहे.

दवाखान्यातून घरी आल्यावर एक मित्र भेटायला आला. त्याने अगदी प्रेमाने विचारलं, ‘‘तू त पेत नाही, मंग लिव्हर कसं खराब झालं बे?’’ मी पहिल्यांदा खरं उत्तर दिलं. मामूंपासून सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग हळूच म्हणाला की त्याच्या मोठ्या भावाला गल्फच्या मेडिकलमध्ये अनफिट केलं होतं. कारण घरात कोणालाच सांगितलेलं नाही. कागद कपाटात आहे.

हे आपल्या पोरांच्या बाबतीत बरंच होतं. आखाती देशांच्या व्हिसासाठी जी वैद्यकीय तपासणी लागते, तिच्यात एचबीएसएजी पॉझिटिव्ह आला की अनफिटचा शिक्का बसतो. हा नियम अन्यायकारक आहे असं माझं मत आहे, कारण टेबलावर शेजारी बसून हा आजार पसरत नाही. पण तो नियम आहे. मग काय होतं? पोरगा एजंटला शिव्या देतो, कोणीतरी दुसऱ्याच्या रक्ताचा जुगाड सुचवतो, आणि शेवटी कागद फेकून देतो. त्या कागदाने त्याला फुकटात एक माहिती दिलेली असते जी त्याचा जीव वाचवू शकते. नोकरी गेली हे दुःख खरंच आहे. पण त्याच आठवड्यात पुढच्या तपासण्या करून घ्यायला हव्यात.

लपवण्यामागे कारणं आहेत, हे मी नाकारत नाही. माझं एक स्थळ याच कारणाने मोडलं. मुलीच्या वडिलांनी फोन उचलणं बंद केलं. त्यांचा मला राग नाही, त्यांना जेवढं माहीत होतं तेवढ्यावर त्यांनी ठरवलं. मोहल्ल्यात सगळ्यांना सांगत फिरा, ऑफिसमध्ये जाहीर करा, असं मी म्हणणार नाही. तिथे कोणाचा संबंध नाही. पण तीन ठिकाणी लपवायचं नाही : डॉक्टर, घरची रक्ताची माणसं आणि ज्यांच्याशी निकाह होणार आहे ती व्यक्ती. डॉक्टरांना आपल्या उपचाराचा निर्णय घ्यायचा असतो. घरच्यांना स्वतःची तपासणी करायची असते. आणि होणाऱ्या जोडीदाराला लस घ्यायची असते. हा त्यांचा हक्क आहे. त्यांच्यावर आपण उपकार करत नाही.

२०२२ मध्ये माझा निकाह झाला. पहिल्याच भेटीत मी सगळं सांगितलं आणि एक्सेल शीटही दाखवली. ती फार्मसी शिकलेली. तिने विचारलं, ‘‘गोळी चुकत नाही ना?’’ निकाहच्या आधी तिची तपासणी झाली. मग शून्य, एक आणि सहा महिने अशा लसीच्या तीन मात्रा झाल्या आणि नंतर संरक्षण तयार झालंय का हेही पाहिलं. आमच्या मुलीला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत पहिली मात्रा मिळाली. आई पॉझिटिव्ह असेल तर बाळाला लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनचं इंजेक्शनही देतात आणि गरज पडली तर गरोदरपणातच आईला टेनोफोव्हिर सुरू करतात. माझ्या नानीच्या काळात यातलं काहीच नव्हतं. आज आहे, पण त्यासाठी गरोदरपणात तपासणी झाली पाहिजे आणि तो कागद घडी घालून ठेवता कामा नये.

अमिताभ बच्चन यांचं उदाहरण सगळ्यांना माहीत असायला हवं. १९८२ मध्ये ‘कुली’च्या शूटिंगमध्ये ते जखमी झाले तेव्हा त्यांना सुमारे दोनशे जणांचं रक्त चढवलं गेलं. त्यातल्या एकाच्या रक्तातून हेपॅटायटिस बी आला. हे त्यांना कळलं २००० च्या सुमारास, तोवर त्यांच्याच सांगण्यानुसार लिव्हरचा पाऊण भाग निकामी झाला होता. उरलेल्या पाव लिव्हरवर ते आजही काम करतात आणि हे जाहीरपणे सांगतात. देशातल्या सगळ्यात प्रसिद्ध माणसाला जे बोलायची लाज वाटत नाही, ते वणीच्या एका घरात चार भिंतींच्या आत बोलायला आम्हाला चार वर्षं लागली.

आता कामाच्या गोष्टी.

वीस-पंचवीसच्या पुढचे वाचक : हेपॅटायटिस बीची लस सरकारी लसीकरणात देशभर पोहोचली २०११ पर्यंत. म्हणजे तुमच्यापैकी अनेकांना लहानपणी ती मिळालेली नसणार. एकदा एचबीएसएजी करा. निगेटिव्ह आला तर लस घ्या.

पॉझिटिव्ह आला तर घाबरून लगेच गोळी मागू नका आणि ‘कॅरिअर आहे, काही होत नाही’ यावरही थांबू नका. डॉक्टरांना विचारा : माझा डीएनए किती, एएलटी किती, लिव्हर किती कडक आहे? जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२४ मध्ये नियम सैल केले. डीएनए २००० च्या वर आणि एएलटी नॉर्मलच्या वर असेल तर औषध सुचवलं आहे, आणि नॉर्मलची मर्यादा पुरुषांसाठी ३०, बायकांसाठी १९ धरली आहे. लॅबच्या कागदावरची मर्यादा बहुतेक वेळा यापेक्षा जास्त असते. फायब्रोस्कॅन ७ च्या वर असेल, घरात सिरोसिस किंवा कॅन्सर असेल, डायबेटिस असेल, तरीही औषधाचा विचार करायला सांगितलं आहे. फायब्रोस्कॅन जवळ नसेल तर एएसटी आणि प्लेटलेट या दोन स्वस्त तपासण्यांवरून अंदाज काढता येतो. २०१४ मध्ये हे नियम असते तर खोटं बोलूनही माझी गोळी लवकर सुरू झाली असती.

कोणती गोळी, हेही विचारा. टेनोफोव्हिरच्या जुन्या प्रकारात किडनी आणि हाडांवर लक्ष ठेवावं लागतं, नव्या प्रकारात हा त्रास कमी. किडनी आधीच नाजूक असेल तर डॉक्टर एन्टेकॅव्हिर किंवा नवा प्रकार निवडतात. आणि गोळी सुरू असो वा नसो, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी कधी लागते ते विचारून घ्या, कारण या आजारात सिरोसिस न होताही कॅन्सर होऊ शकतो.

रमजानमध्ये माझी टेनोफोव्हिर मी इफ्तारच्या जेवणानंतर घेतो. एन्टेकॅव्हिर रिकाम्या पोटी, जेवणाच्या आधी-नंतर दोन तास सोडून घ्यावी लागते, म्हणून वेळ आधीच डॉक्टरांशी ठरवा. सिरोसिस पुढे गेलेल्या रुग्णाला लांब उपवास धोक्याचा असतो. आजाऱ्याला सवलत दीनमध्येच आहे. ती घेताना अपराधी वाटून घेऊ नका.

पैशांचं म्हणाल तर राष्ट्रीय व्हायरल हेपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ पासून सुरू आहे. त्यात बी आणि सी दोन्हींच्या तपासण्या आणि औषधं सरकारी उपचार केंद्रांत मोफत आहेत. वणीहून यवतमाळ शंभरेक किलोमीटर, चंद्रपूर त्याच्या निम्म्यावर. एका दिवसात जाऊन येता येतं. अम्मीची फाईल आता तशीच सुरू आहे, बसच्या तिकिटापलीकडे खर्च नाही.

शेवटी आपल्या जमातीला विनंती. खतना नवीन ब्लेडने आणि शक्यतो दवाखान्यात करा. हिजामा करणाऱ्याला कप आणि ब्लेड नवीन आहे का हे विचारायला लाजू नका. अकीक्याला बाळाचे केस काढतानाही तेच. आणि मिलादच्या रक्तदान शिबिरात शेजारी एक टेबल लावा, तिथे एचबीएसएजीची तपासणी आणि लसीची नोंदणी ठेवा.

मी आता रक्त देऊ शकत नाही. पण गेली काही वर्षं मिलादला वणीत असलो की त्या टेबलावर नावं लिहायला बसतो. मागच्या वेळी तो मित्र आपल्या मोठ्या भावाला घेऊन आला. भावाच्या हातात गल्फच्या मेडिकलचा घडी पडलेला कागद होता. मी तो उलगडून टेबलावर ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, ‘‘भाईजान, घरात कोणाला लिव्हरचा आजार होता का?’’